चौदावं वाक्य

सिसिलिया टीचर नसत्या तर मी आज शिक्षक राहिलो नसतो. हे आधीच लिहून टाकतो, कारण लिहिता लिहिता मी इकडेतिकडे जाईन आणि मुख्य गोष्ट राहून जाईल.

मला शिक्षक करणारे पुष्कळ आहेत. विक्रमगडला आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. आईने भात लावला, वडील गवंड्याच्या हाताखाली राबले, गावातल्या गुरुजींनी माझे अर्ज स्वतःच्या हाताने भरून दिले, तेव्हा कुठे माझं डी.एड. झालं, नोकरी करता करता बी.ए. झालं. त्या सगळ्यांचे उपकार मी विसरत नाही. पण शिक्षक होणं एक आणि शिक्षक म्हणून टिकणं दुसरं. टिकायला मला एकाच माणसाने शिकवलं. सिसिलिया टीचर गिरीजच्या. वसईतल्या आमच्या शाळेत त्यांनी तीसहून अधिक वर्षं काढली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या आणि आता गुडघ्याच्या दुखण्यामुळे नाशिकला मुलीकडे असतात.

मार्च संपत आला की त्यांची आठवण येते. ती प्रेमाने येते असं म्हणावं तर खोटं होईल. ती धडधड घेऊन येते.

परीक्षांच्या या दिवसांना कोणी ऋतू म्हणत नाही, पण आम्हाला तो अंगावर कळतो. सकाळची शाळा सुरू होते. पहाटेचा गारवा दुसऱ्या तासापर्यंत टिकतो, मग वरचे पत्रे तापायला लागतात. वाडीतून येणाऱ्या मुलींच्या वेणीत मोगरा दिसू लागतो. पाचूबंदरकडून आलेल्या मुलांच्या दप्तरांना वाळत घातलेल्या बोंबलांचा वास असतो आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. अकराच्या सुमाराला पश्चिमेचा खारा वारा सुटतो, टेबलावरच्या उत्तरपत्रिका उडायला लागतात, मग त्यांच्यावर कोणी डस्टर ठेवतं, कोणी जेवणाचा डबा. पर्यवेक्षण करताना मी बाकांमधून फिरतो. मुलांची खाली घातलेली डोकी वरून दिसतात. साठ डोकी, साठ भांग. चेहरा एकाचाही दिसत नाही. असं फिरताना मला दर वर्षी घाम फुटतो, आणि तो उकाड्याचा नसतो.

हे लिहितोय तेव्हा रविवार आहे. फुलपाड्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर टँकरचं पाणी चढवणारी मोटर चालू आहे. मी इस्त्रीच्या टेबलावर गठ्ठा घेऊन बसलोय. सकाळपासून चार वेळा उठलो. एकदा गॅलरीतले कपडे काढून आणले, ते ओलेच होते. सविता, माझी बायको, बघत होती. म्हणाली, "अहो, परवा शाळेतून घरी आलात, पण अजून पोचला नाहीत."

परवा म्हणजे शुक्रवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं होतं.

"संतोष सर, पुढच्या वर्षी परीक्षा विभाग घ्या," ते म्हणाले. "वर्ग नको तुम्हाला. तास घ्यायचे आणि खाली यायचं. पालक नाहीत, नोंदी नाहीत, सहल नाही."

"आणि मुलं?"

"मुलं काय, शाळेत असतातच." त्यांनी चष्मा पुसला. "माझा तुमच्यावर राग नाही. तुम्ही दमलेले दिसता म्हणून विचारतोय. सोमवारी सांगा. मला वेळापत्रक लावायचंय."

दमलेला दिसतो, हे त्यांनी ओळखलं याचं मला बरं वाटायला हवं होतं. मला भीती वाटली. चार वर्षांपूर्वी मी असाच होतो आणि तेव्हा कोणी ओळखलं नव्हतं; ओळखलं तेव्हा उशीर झाला होता. आता उद्या मला सांगायचंय की मला स्वतःचा वर्ग हवा की नको. इतकी साधी गोष्ट आहे. ती मला बसू देत नाही.

त्या वर्षीचा तो मोसम सांगायचा तर आधी नोंदींविषयी सांगायला हवं. आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाच्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या शेजारी वर्गशिक्षकाने त्याच्याविषयी दोन-चार वाक्यं लिहायची असतात. विशेष प्रगती, आवड, सुधारणा कशात हवी. कल्पना चांगली आहे. पण वर्गात साठ मुलं असतात आणि वेळ आठवडाभराचा. म्हणून तयार वाक्यांच्या याद्या फिरतात. पूर्वी झेरॉक्स फिरायची, मग व्हॉट्सअॅपवर आली, आता तर म्हणे नाव टाकलं की मोबाइलच नोंद लिहून देतो. यादीतली वाक्यं क्रमाने हजेरीपटावरच्या नावांना लावत जायची. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. असं करणारा मी एकटा नव्हतो, एवढंच म्हणतो.

सिसिलिया टीचर मात्र तसं करत नसत. त्यांची एक रीत होती. शिक्षकखोलीत त्या नोंद लिहायच्या आणि मुलाचं नाव न घेता मोठ्याने वाचायच्या. समोरच्याने मूल ओळखायचं. ओळखता आलं नाही तर नोंद खोडायची आणि नवी लिहायची.

"'डबा उघडायच्या आधी शेजारणीच्या डब्यात बघते. आपली भाजी आवडली नाही तर न विचारता बदलून घेते.' बोला, कोण?"

"तुमच्या वर्गातली ती मोठ्या डोळ्यांची," चित्रकलेचे पाटील सर म्हणायचे. "अलिशा."

"बरोबर. आता तुमची वाचा."

"माझी काय! 'रेषा सरळ आहे, मुलगा वाकडा आहे.'"

"पाटील सर, पालक वाचणार आहेत हां."

"मग 'मुलगा सरळ आहे, रेषा वाकडी आहे' लिहितो. पालकांना काय, दोन्ही चालतं."

हसणं व्हायचं. टीचरनी आणलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, फिरायची, केळीच्या वाळक्या पानात बांधलेली, मधासारखी चिकट. मी खिडकीजवळच्या टेबलावर पाठ करून बसलेला असायचो.

"ए संतोष, तू वाच की एक."

"माझ्या झाल्या, टीचर."

"झाल्या? साठ मुलांच्या? जादू केलीस काय?"

मी हसलो असेन. नक्की आठवत नाही. त्या वर्षातलं मला बरंचसं आठवत नाही, हेही मला नंतर कळलं.

तेव्हा माझ्याकडे सातवी होती. दोन शिक्षक निवृत्त झाले होते, जागा भरल्या नव्हत्या, त्यांचे तास आमच्यात वाटले होते. त्यात मतदारयादीचं काम. त्यात रोजची ऑनलाइन माहिती; शिकवून झालं की शिकवल्याचा फोटो. पण काम जास्त होतं म्हणून तसं झालं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कामाला मी घाबरत नाही, माझ्या घरात सगळ्यांनी याहून कष्टाची कामं केली आहेत. झालं होतं ते दुसरंच. मला राग येत नव्हता. आधी येत असे, मग येईनासा झाला. मुलं भांडत आली तर मी न्याय द्यायचो, पण ऐकलेलं नसायचं. कोणी पहिल्यांदाच बरोबर उत्तर दिलं तर "शाब्बास" म्हणायचो आणि माझा आवाज मलाच शेजारच्या वर्गातून आल्यासारखा वाटायचा.

एकदा वडिलांना फोनवर म्हणालो, "बाबा, थकायला होतंय."

"पंख्याखाली बसून काम, अन् म्हनं थकलो," ते हसून म्हणाले. "मंग आमी काय म्हनावं रे?"

त्यांचं चूक नव्हतं. गावात माझा पोरगा मास्तर आहे असं सांगताना त्यांची मान जशी ताठ होते, ती मी पाहिली आहे. त्या मानेला मी काय सांगणार? पहिल्यांदा शिकलेल्या माणसाला तक्रार करायला जागा नसते. आपण ज्याला त्रास म्हणतो ते मिळावं म्हणून कोणीतरी आयुष्य घातलेलं असतं. मी पुन्हा तो विषय काढला नाही. कोणाजवळच काढला नाही.

त्या डिसेंबरमध्ये माझ्या वर्गातल्या स्नेहलची आई गेली. नायगावला खाडीच्या काठी त्यांचं घर. आजार लहानसाच म्हणत होते, पण आठ दिवसांत सगळं आटोपलं. वर्गाने दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. ती दोन मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो, कारण हजेरी पोर्टलवर भरायची वेळ संपत आली होती. हे मी इथे मुद्दाम लिहितोय. पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कोणाला वाटू नये.

निकालाच्या दिवशी पालक रांगेने येत होते. पुस्तक बघायचं, सही करायची, जायचं. स्नेहलचे वडील शेवटी आले. आधी मिठागरात कामाला होते, आता खाडीकडे झालेल्या नव्या टॉवरच्या गेटवर बसतात. गणवेशातच आले होते. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग बोट थांबलं. पुन्हा त्याच ओळीच्या सुरुवातीला गेलं.

"सर," ते हळूच म्हणाले, "येवढं खोडता का? पोर वाचंल ना."

मी पुस्तक घेतलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: घरी आईला कामात मदत करते.

तिचा हजेरी क्रमांक चौतीस. यादी वीस वाक्यांची. एकदा संपून पुन्हा सुरू झाली होती, म्हणून तिला चौदावं वाक्य आलं. हा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला. त्याच्याशिवाय डोक्यात दुसरं काही येत नव्हतं.

"नाय तर राहू दे सर," ते म्हणाले. "तुमच्याकडं पन किती पोरं. कोनाचं चुकत नाय?"

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला उभं राहता आलं असतं. मी टेबलावरचा व्हाइटनर उचलला. झाकण निघत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून सिसिलिया टीचर उठल्या आणि त्यांनी ती बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

"पांढरं लावून काय होतंय? खाली काय होतं ते मुलं नखाने खरवडून वाचतात. नवीन पुस्तक आण." मग स्नेहलच्या वडिलांना म्हणाल्या, "दादा, दहा मिनिटं बसा. पाणी घ्या."

त्यांनी मला शिक्षकखोलीत नेलं. कोरं पुस्तक समोर ठेवलं. "गुण मी उतरवते. तू तिच्याविषयी लिही. आणि वाच मला. नाव घेऊ नकोस."

मी पेन धरून बसलो. काही नाही. अख्खं वर्ष ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसली होती आणि माझ्याकडे तिच्याविषयी एक वाक्य नव्हतं. टीचर घाई करत नव्हत्या. गुण उतरवत होत्या. बाहेर कोणाचा तरी बाप कोणाला तरी बोलत होता.

मग एकदम आठवलं. पावसाळ्यात मी भूगोलात भरती-ओहोटी शिकवत होतो आणि घाईत म्हणालो होतो की समुद्राला रोज अमुक वेळेला भरती येते. स्नेहलने हात वर केला होता. "रोज त्याच टायमाला नाय येत सर. रोज उशीर करते. आज आली त्याच्यापेक्षा उद्या मागं." मी "बरं, बस" म्हणालो होतो.

मी लिहिलं आणि वाचलं: "'कॅलेंडर न बघता भरतीची वेळ सांगते. शिक्षकाचं चुकलं तर उभी राहून सांगते.'"

"नायगावची स्नेहल," टीचर मान वर न करता म्हणाल्या. "माझ्या वर्गातून गेली तेव्हा इतकी बोलत नव्हती. छान. सही कर."

स्नेहलच्या वडिलांनी नवं पुस्तक वाचलं. "ह्ये खरं हाय," म्हणाले. ते गेल्यावर मी प्रसाधनगृहात गेलो आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो.

त्या मे महिन्यात मी फोनमध्ये राजीनामा लिहून ठेवला. चार ओळींचा. रोज उघडायचो, एखादा शब्द बदलायचो, बंद करायचो. गावाला गेलो नाही. सविताला सांगितलं की शाळेत काम आहे. उरलेल्या एकोणसाठ पुस्तकांत काय काय गेलं असेल, कोणाच्या घरी कोणतं वाक्य कसं वाचलं गेलं असेल, याने मला दुपारी झोप लागायची नाही आणि जागंही धड राहता यायचं नाही. मग एक दिवस दुचाकी काढली आणि गिरीजला टीचरच्या वाडीत गेलो.

केळीच्या बागेत उन्हाळ्यातही एक ओलसर अंधार असतो. टीचर पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होत्या, साडी खोचलेली, हातात खुरपं. शाळेतल्या टीचर त्यांच्यात शोधाव्या लागत होत्या. त्यांचे यजमान घरातून त्यांच्या गावच्या बोलीत काही ओरडले, मला निम्मंच कळलं. सरबत करू की चहा असं असावं. मी फोन काढून राजीनामा वाचून दाखवला.

"दे की," टीचर म्हणाल्या. "पण मे महिन्यात देऊ नकोस. मे महिन्यात सगळे राजीनामे खरे वाटतात. जूनमध्ये मुलं आली की दे."

त्या बांधावर बसल्या.

"तुला एक सांगते. पाटीलला सांगू नकोस, तो चित्र काढेल." मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या नोकरीला दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी शाळेत जायला निघाल्या आणि पाय वळले ते चर्चकडे. आपल्या गावच्या नाही, दुसऱ्या गावच्या. "आपल्या गावात बसले असते तर संध्याकाळपर्यंत घरी कळलं असतं." सकाळची मिसा संपून लोक गेले की शेवटच्या बाकावर बसायच्या. डबा पायऱ्यांवर खायच्या. शाळा सुटायच्या वेळेला घरी. शाळेत तापाची चिठ्ठी पाठवली होती. घरी वाटत होतं, शाळेत जातेय. असे अकरा दिवस.

"प्रार्थना करायचात?"

"छे. खांब मोजायचे."

"मग?"

"माझ्याकडे तपासायचा गठ्ठा राहिला होता. निकाल अडला. नलिनीबाई म्हणून होती, शेजारच्या वर्गाची. ती गठ्ठा न्यायला घरी आली. आमचे हे म्हणाले, ती तर शाळेत गेलीय. नलिनी हुशार. घरी काही बोलली नाही, चर्च-चर्च शोधत आली. आली आणि शेजारी बसली. माझ्या पिशवीतून गठ्ठा काढला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः घेतला, लाल पेन काढलं आणि तपासायला लागली."

"तिथेच?"

"तिथेच, येशूसमोर. एकाने लिहिलं होतं, बेडूक हा सरपटणारा पक्षी आहे. नलिनी हसली. मग मी हसले. मग मी रडले."

"तिनं काही विचारलं नाही?"

"विचारलं ना. 'ह्याला अर्धा गुण देऊया का?'"

वाडीत आम्ही दोघं इतके हसलो की यजमान बाहेर येऊन बघून गेले. मग टीचर म्हणाल्या, नाव न सांगता वाचायचं हे त्या दिवशी सुरू झालं. नलिनीबाई एकेक उत्तर वाचायच्या आणि म्हणायच्या, ओळख कोण. "मी सगळी ओळखली रे. तेव्हा मला कळलं की मी अजून शाळेतून गेलेली नाहीये."

"आणि मग बऱ्या होऊन परत गेलात."

"बरी होऊन नाही गेले. तशीच गेले."

मी विचारलं, नलिनीबाई कुठे असतात. त्या वारल्या होत्या. "मग आता तुमचं कोण?" असंही मी विचारलं. टीचरनी खुरपं उचललं. "पाणी पुढच्या वाफ्यात सोडते, नाहीतर इथेच साचेल," म्हणाल्या आणि उठल्या. मी मागे लागलो नाही. आपला भार हलका झालेला माणूस समोरच्याचा भार बघत नाही. त्या दिवशीचं मला तेवढं एक टोचतं.

जूनमध्ये मुलं आली. राजीनामा दिला नाही. पुढे टीचर निवृत्त होईपर्यंत दोन मोसम आम्ही तिघं, पाटील सर, टीचर आणि मी, एकमेकांना नोंदी वाचून दाखवत होतो. दुसऱ्याचं मूल ओळखायचं म्हणजे वर्षभर दुसऱ्याचं बोलणं ऐकावं लागतं. "तो आज आला नाही", "ती आज हसली" हे चहाबरोबर बोललं जायला लागलं. मुलांचं बोलता बोलता आपलंही एखादं निघायचं. पाटील सरांच्या मुलीचं लग्न मोडलं ते मला असंच कळलं, एका मुलाच्या चित्राविषयी बोलताना. मग टीचर नाशिकला गेल्या. पाटील सरांची बदली दुपारच्या सत्रात झाली. रीत कोणी बंद केली नाही. ती नुसती थांबली.

गेल्या पावसाळ्यात आम्हाला भावनिक कौशल्यांचं प्रशिक्षण मिळालं. प्रशिक्षक तरुण होते, मनापासून बोलत होते, मी त्यांना नावं ठेवणार नाही. "डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या," ते म्हणाले. आम्ही शंभरेक शिक्षकांनी डोळे मिटले, आणि तेवढ्यात शंभर खिशांत एकच मेसेज वाजला: प्रशिक्षणाचा फोटो दहा मिनिटांत पाठवा. सगळ्यांनी डोळे उघडले. कोणीतरी म्हणालं, "श्वास सोडायचा का सर?" दिवसभर आम्हाला सांगितलं गेलं की मुलांच्या भावना ओळखा. पटलं. पण माझ्या मनात येत होतं, ही ओळखण्याची गोष्ट एकट्याने होते का? मला तरी एकट्याने कधी जमली नाही. शेजारी कोणीतरी "बरोबर" किंवा "चूक" म्हणणारं लागलं.

आज दुपारी मी दोन कामं केली. आधी शिक्षकांच्या गटावर आलेली तयार वाक्यांची यंदाची यादी उघडली. मागच्याच आठवड्यात ती उतरवून घेतली होती, का ते स्वतःला विचारलं नव्हतं. आता ती शंभर वाक्यांची आहे, भाषाही सुधारली आहे. चौदाव्या क्रमांकावर वर्ग स्वच्छ ठेवण्यात पुढाकार घेतो असं आहे. मग मी ती बंद केली आणि कोऱ्या कागदावर माझ्या यंदाच्या सहावीची साठ नावं लिहिली. प्रत्येकापुढे, कोणाला वाचून दाखवलं तर ओळखू येईल असं एक वाक्य लिहायचा प्रयत्न केला. दीड तास लागला. एकेचाळीस मुलांपुढे लिहिता आलं. एकोणीस मुलांपुढे काही आलं नाही.

एकोणीस. मी त्या नावांकडे बघत राहिलो. यात रोज माझ्याशी बोलणारी मुलं आहेत. परीक्षा विभाग घेतला तर ही एकोणीसची गोष्ट कोणालाच कधी कळणार नाही. मलाही हळूहळू कळेनाशी होईल. मोहात पडण्यासारखं आहे, आणि मी पडलोय. खिडकीबाहेर मोटर बंद झाली. खाली कोणीतरी पाणी आलं म्हणून हाका मारतंय. मी पुन्हा उठलो.

रविवारचं लिहिणं तिथेच थांबलं; मंगळवारी सकाळी टीचरना पोस्टात टाकलेलं पत्र पुढे देतो. टीचर फोन घेतात, पण त्यांनीच सांगितलं होतं की फोनवर माणूस "बरं आहे" म्हणून सुटतो.

आदरणीय सिसिलिया टीचर यांस,

सप्रेम नमस्कार.

गुडघा कसा आहे? नाशिकचं ऊन कोरडं, त्याने बरं वाटतं असं म्हणतात. खरं असेल तर कळवा.

शुक्रवारी मुख्याध्यापकांनी मला वर्ग आणि परीक्षा विभाग यातलं एक निवडायला सांगितलं होतं. मी रविवारभर ठरवलं होतं की परीक्षा विभाग घेतो. काल सकाळी त्यांच्या खोलीत गेलो तोपर्यंत तेच ठरलं होतं. खुर्चीवर बसलो आणि तोंडातून निघालं, "सर, मला बरं नाही." ते म्हणाले, "रजा हवी का?" मी म्हणालो, "ताप नाही, काही नाही, पण बरं नाही. मला माझ्याच वर्गातली एकोणीस मुलं माहीत नाहीत."

टीचर, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कोणा वरिष्ठासमोर बोललो. मला वाटलं, ते म्हणतील मग मी सांगतोय तेच घ्या. त्यांनी पेपरवेट उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मग काय करू म्हणता?" मी म्हणालो, वर्ग द्या, पण शनिवारचा शेवटचा तास आम्हा चार-पाच वर्गशिक्षकांना एकत्र मोकळा द्या. कशाला, तर बोलायला. ते म्हणाले, "देतो. लेखी मागू नका. आणि फोटो काढू नका, नाहीतर तो वरती पाठवावा लागेल."

म्हणून पाचवी ब घेतली आहे. त्रेसष्ट मुलं आहेत. पाटील सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, दुपारचं सत्र असलं तरी शनिवारी लवकर येतो, पण नाश्ता तुमच्याकडून. एकोणीसपैकी चौघांशी काल मधल्या सुट्टीत बोललो. एकाने मला विचारलं, "सर, मी काय केलं?" म्हणजे मी जवळ येऊन बसलो की काहीतरी चुकलं असं मुलांना वाटतं. हे लिहितानाही लाज वाटते आहे, पण लिहितो.

मला धीर आला आहे असं समजू नका. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. सविताला सांगितलं, ती म्हणाली, "आज पोचलात."

वाडीत मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता आणि तुम्ही उठून गेलात. मी तेव्हा तो सोडून दिला, ते माझं चुकलं. तुम्ही आम्हा सगळ्यांचं ऐकलंत. तिकडे तुमचं कोण ऐकतं, ते लिहा. कोणी नसेल तर तेही लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

मी वर्ग घेतलाय खरा, पण टिकेन की नाही हे मला माहीत नाही. टिकलो तर दिवाळीत लिहीन. टिकत नाही असं वाटलं तर दिवाळीची वाट बघणार नाही.

आपला,
संतोष